छावणीच्या मैदानाचा नाद

आमच्या घराण्यात नादी माणूस झाला नाही. आजोबा गल्ल्यावर बसल्या बसल्याच गेले. वडिलांना एकदा तमाशाच्या फडाची ढोलकी लांबून ऐकू आली, तर ते दार लावून आत जाऊन बसले. अशा घरात मी पस्तिशी उलटल्यावर, मिशा पिकायला लागल्यावर, एका अमेरिकन पाद्र्याने आणलेल्या चेंडूफळीच्या, त्यांच्या त्या बेसबॉलच्या मागे लागलो. माणसं बाईच्या नादाला लागतात, जुगाराच्या लागतात, त्यांचं नाव निदान दबक्या आवाजात तरी निघतं. माझं नाव निघालं की लोक सरळ हसायचे. त्याची लाज मला वाटायचीच, पण ती लाज वरवरची होती. दुसरी एक लाज आहे, ती अजून गेली नाही. ती कशी लागली ते सांगायचं तर आधी नादाचं सांगावं लागेल.

आमचं किराण्याचं दुकान अंबाजोगाईला. निजामाच्या कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद होतं, पण गावात तसं कुणी म्हणत नसे. एके काळी गावाबाहेर घोडदळाची छावणी होती. लष्कर उठून गेलं, बंगले ओस पडले आणि कवायतीच्या मैदानात शेळ्या चरायला लागल्या. त्यातल्याच एका बंगल्यात पाद्री आणि त्याची मडम येऊन राहिली. पाद्री उंच, उन्हाने गाजरासारखा लाल झालेला, आणि मराठी बोलायचा ती थेट पोथीतली. एक दिवस दुकानासमोर उभा राहून म्हणाला, "आपणाजवळ चार रिकामी पोती मिळतील काय? त्यांत आम्ही वाळू भरणार आहोत."

वाळू भरायला पोती नेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला संशय आला. म्हणून नोकराकडे न देता बारदान घेऊन मी स्वतःच मैदानावर गेलो. "तवाच नोकराला धाडला असतास तर हे दिवस दिसले नसते," असं आई पुढे कितीदा तरी म्हणाली.

मैदानात वाळू भरलेली पोती चार कोपऱ्यांना मांडली. मिशनच्या शाळेतले मास्तर, मिशनचा सुतार, गाडीवान, बागेत खपणारे असे सगळे बाप्ये धोतरं खोचून उभे राहिले. एकजण मधोमध उभा राहून चेंडू फेकायचा, दुसरा गोल दांडक्याने तो मारायचा, आणि नीट लागला की हातातलं दांडकं टाकून पळत सुटायचा. मला वाटलं, हा भ्यायला. चांगला मारलास, तर हत्यार टाकून पळतोस कशाला? विटीदांडूत कुणी असा दांडू टाकून पळाला असता तर त्याला जन्मभर पळपुट्या म्हटलं असतं. तसं मी मोठ्याने म्हणालोही. मडमेने माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा गप्प झालो.

माझा जीव पोत्यांत अडकला होता. ज्या पोत्यात ज्वारी राहिली त्याला आमच्याकडे पाय लावत नाहीत. चुकून लागलाच तर हात लावून कपाळाला लावतात. इथे तर पळणारा प्रत्येकजण पोत्यावर पाय देत होता. पण खेळणारेही आमच्याच मातीतले. त्यांच्या घरांनी धर्म बदलला तरी पायाला ज्वारी कळत होती. पळत यायचं, पोत्यावर पाय ठेवायचा, की लगेच वाकून पोत्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. तेवढ्यात चेंडू यायचा आणि गडी बाद व्हायचा. पाद्री टोपी काढून डोकं धरायचा. "नमस्कार नंतर करा, आधी धावा," असं तो ओरडायचा, आणि पुढचा गडी पुन्हा तेच करायचा. मी पोट धरून हसलो. दुकानात बसून माणूस गालातल्या गालात हसायला शिकतो. असं मोकळं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

पुढच्या शुक्रवारी मी परत गेलो. शुक्रवारी कचेऱ्या बंद, गिऱ्हाईक कमी, आणि पाद्र्याचा खेळही त्याच दिवशी. पोती नीट आहेत का ते बघायला जातो, असं मी स्वतःला सांगितलं. मुलांना फसवतात तसं माणूस स्वतःलाही फसवतो आणि वर फसतोही.

खरा नाद लागला तो मात्र झेलामुळे. उजव्या अंगाला, लांब कोपऱ्यात एक गडी उभा असे. त्याला मी ओळखत होतो. मांगवाड्यातला, दोर वळणाऱ्या घरातला. बापाच्या वेळेपासून घर मिशनात गेलेलं. माझ्याच वयाचा, हडकुळा, लांब हातांचा. त्या दिवशी कुणीतरी चेंडू असा हाणला की तो आभाळात दिसेनासाच झाला. हा गडी पाठ करून पळाला, वर बघितलंही नाही, आणि चेंडू जिथे उतरायचा होता तिथे आधीच जाऊन उभा राहिला. मग सावकाश दोन्ही तळहात पुढे केले. चेंडू हातात आला त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. बाकीच्यांच्या हातात कातड्याचे पंजे होते, त्याच्या नव्हता. दोर वळून वळून त्याचे तळहातच कातड्यासारखे झाले होते. मी ताडकन उठून उभा राहिलो आणि ओरडलो, आणि आपलाच आवाज ऐकून इकडेतिकडे पाहिलं.

हळूहळू खेळ कळू लागला. एक माणूस घरापासून निघतो, चारी बाजू फिरून पुन्हा घरी यायची धडपड करतो, आणि समोरचे नऊजण त्याला घरी येऊ द्यायचं नाही म्हणून टपलेले असतात. मला हे फार पटलं. संसार तरी दुसरा काय असतो? कुठल्या फेकीवर दांडकं उगारायचं नाही, कुणी कुठे उभं राहायचं, हे मी कडेला बसून सांगू लागलो. स्वतः मी कधी चेंडू हातात धरला नाही. त्यावर कातडं शिवलेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण मी ते मन लावून करत होतो.

घरी सांगायचो, मठात जातो. आम्ही लिंगायत वाणी. शुक्रवारी मठात प्रवचन असे, ते सोयीचं पडलं. आई कडक होती. गळ्यातल्या डबीतल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही आणि घेऊ द्यायची नाही. मी परत आलो की विचारायची, "स्वामी काय बोलले आज?" मी आपलं जमेल ते सांगायचो. लोभ वाईट, राग वाईट. एकदा म्हणाली, "लई दिवसांनी राग वाईट म्हनले. आन् स्वामी तर महिना झाला परळीला गेलते." मी ताटावरून मान वर केली नाही. तिनेही पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला रस्त्यात जो कुणी भेटे तो हसतोय असंच वाटायला लागलं. चोराच्या मनात चांदणं.

ह्या सगळ्यात माझा खरा जीव त्या उजव्या अंगाच्या गड्यावर. मी बसायचो ते त्याच्याच बाजूला, चुन्याच्या रेघेबाहेर एक दगड होता त्यावर. तिथून त्याची पावलं दिसायची. दांडकं फिरायच्या आधीच त्याचा डावा पाय हलायचा, चेंडू कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. हे मैदानातल्या दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाद्री त्याला कोपऱ्यात उभा करायचा, कारण पाद्र्याला फेकणारे आणि मारणारे आवडायचे. मी मनातल्या मनात पाद्र्याला मूर्ख म्हणायचो, आणि गावात खेळाची पारख असलेला आपण एकटेच, असं मला वाटायचं.

हा गडी दुकानावर आला की पायरीच्या खाली उभा राहायचा. त्याच्या वाड्यातल्या सगळ्यांनाच आम्ही माल वरून टाकायचो. गुळाचा खडा, मिठाची पुडी, काडेपेटी. आम्ही टाकायची आणि त्यांनी धोतराच्या सोग्यात किंवा हातात झेलायची. आमच्या धर्मात सगळी माणसं सारखी, असं स्वामी सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. दुकानाची पायरी आली की वेगळं. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट एकदा मी त्याला ऐटीत म्हणालो, "तुझा हात लई भारी बसलाय बे. कुनाकडं शिकलास?"

तो गुळाचा खडा सोग्यात बांधत म्हणाला, "तुमच्याच दुकानावर, आप्पा. ल्हानपनापासून झेलतोय. खाली पडलं तर मातीत जातंय."

शेजारचे दुकानदार हसले, मीही हसलो. माझ्या दुकानाने गावाला एक खेळाडू दिला, असं चारचौघांत सांगत सुटलो. आता ते आठवलं की कानशिलं तापतात. तेव्हा अभिमान वाटायचा.

थंडी सरता सरता नगरच्या बाजूचे मिशनवाले आमच्या पाद्र्याशी सामना खेळायला येणार असं ठरलं. ते लॉरीतून आले. सगळ्यांच्या पायात बूट, सगळ्यांच्या हातात पंजे. आल्या आल्या मैदानाला नावं ठेवायला लागले, खड्डे आहेत, खडे आहेत म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. गाव लोटलं होतं. शाळेतली पोरं, कचेरीतले कारकून, पोलीस, आमच्या पेठेतले वाणी, सगळे रेघेभोवती दाटीने उभे. एवढे लोक बघून माझी भीड चेपली. एवढे लोक बघतात म्हणजे हे लाजेचं काम नाही, असं वाटलं.

सामना घासून चालला. शेवटची फेरी आली तेव्हा आमचे एका धावेने पुढे होते आणि दांडकं त्यांच्या हातात होतं. त्यांचे गडी पोत्यांवर टपून बसलेले. एकजण बाद झाला. मग एकाने चेंडू मारला, तिसऱ्या पोत्यावरचा गडी घराकडे सुटला, आणि आमच्या सुताराने तो येण्याआधी चेंडू घराच्या पोत्यावर पोचवला. पाद्र्याने अंगठा वर केला. दोन बाद. अजून एक, की सामना आपला.

मग लोक आवरले नाहीत. रेघ ओलांडून सगळे आत घुसले, आणि सगळ्यांत पुढे मी. वाण्याचं पोट सांभाळत, हात आभाळाकडे करून, उपरणं फिरवत मी त्या उजव्या अंगाच्या गड्यापर्यंत धावत गेलो. का गेलो कुणास ठाऊक, त्याने तर काहीच केलं नव्हतं. पाद्री ओरडला तसे सगळे मागे हटले. मीही आपल्या दगडाकडे परत आलो. अंगात असं वारं भरलं होतं की दगडावर बसवेना.

तो गडी माझ्याकडे वळला आणि काहीतरी बोलला. गलका एवढा की एक अक्षर कळलं नाही. पुन्हा बोलला, हाताने खाली दाखवलं. मला वाटलं, मला बस म्हणतोय.

"माझ्याकडं कावून बघतोस बे," मी ओरडलो. "चेंडूकडं बघ."

तो वळला. फेक झाली, दांडकं फिरलं, आणि चेंडू उजव्या अंगाला वर चढला. फार लांब नाही, अवघडही नाही. चार पावलं पुढे यायचं आणि हात पुढे करायचे. असे झेल तो झोपेत घेईल. लोक पुन्हा रेघेवरून आत सरकायला लागले. मी हसत होतो. तो कसा घेणार हे मला आधीच दिसत होतं.

तो जागचा हलला नाही.

पाय फाकून, हात दोन्ही बाजूंना पसरून, मागून घुसणाऱ्या लोकांना अडवत तो तसाच उभा राहिला. चेंडू त्याच्यापुढे जमिनीवर पडला, उसळला आणि लांब गेला. त्यांचे दोन गडी घरी पोचले. सामना गेला.

मग मी तोंड सोडलं. त्याच्या जातीवरून एक शब्द बोललो. तो शब्द गावात रोज कानावर पडायचा, पण मी दुकानातही कधी वापरला नव्हता, आणि इथे लिहायला हात धजत नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळ्या गावासमोर मी ओरडलो, की ह्याला झेल येत नाही, हा चेंडूला भितो, कुणी उभा केला ह्याला इथे, काढा ह्याला बाहेर. लोकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी माझं उचलून धरलं. कुणी शिट्ट्या घातल्या, कुणी मातीचं ढेकूळ फेकलं. त्याचे स्वतःचे सोबती त्याच्या अंगावर धावून आले.

तरी तो हलला नाही. अजून बोलायचं होतं म्हणून मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. जवळ पोचलो तसा तो हळू आवाजात म्हणाला, "पाय जपून, आप्पा."

मी खाली पाहिलं. त्याच्या दोन पावलांच्या मध्ये, वाळलेल्या गवतात, चांदीची डबी पडली होती. तुटलेला दोरा तिच्याभोवती गुंडाळला गेला होता. माझा हात आपोआप छातीवर गेला. छाती मोकळी होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. पडलं, हरवलं, कुणाचा पाय लागला, तर माणूस पाण्याला मोताद होतो. जंगमाकडून शुद्धी करून परत बांधून घेईपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. जुनी माणसं म्हणायची, लिंग गेलं तर जीव ठेवू नये. आणि माझं लिंग गळ्यातून गेलं हे मला कळलंही नव्हतं. मी नाचत होतो.

"मी हात न्हाई लावला," तो म्हणाला. "लावला असता तर तुमच्या कामाचं ऱ्हायलं नसतं. आन् सोडून गेलो असतो तर ह्यांनी तुडवलं असतं. हाक मारली व्हती तुमाला."

मी गुडघ्यावर बसून डबी उचलली. तो दोन पावलं मागे सरकला, माझी सावली त्याच्यावर पडू नये की त्याची माझ्यावर, कुणास ठाऊक. पेठेतले दोघेतिघे धावत आले. काय झालं, काय झालं. मी मूठ उघडून दाखवली. "लिंग पडलं होतं माझं," मी म्हणालो. "हा राखत उभा होता." शिट्ट्या थांबल्या. पाद्री आला, त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं, त्या गड्याकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गड्याने तो हात हळूच बाजूला केला आणि लांब गेलेला चेंडू आणायला निघून गेला. माझ्या लोकांनी मला दोन्ही दंडांना धरून घरी नेलं. मी त्याला एक शब्दही बोललो नाही.

घरी माझ्या आधी बातमी पोचली होती. जंगमांना बोलावणं गेलं. ते येईपर्यंत मी कोरड्या घशाने माजघरात बसलो होतो, आणि पाहुणे दारातून डोकावून बघून जात होते. एकजण म्हणाला, शुक्रवारी मठात जायचे ना हे. कुणीतरी फिस्सकन हसलं. जंगमांनी लिंग धुतलं, मंत्र म्हटले, नव्या दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं, पुन्हा मैदानाकडे फिरकू नकोस असं बजावलं. सगळे गेल्यावर मी आईपुढे बसलो आणि म्हणालो, "माय, चुकलं माझं."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिंगाचं म्हनत असशील तर ते झालं. पडलं, परत आलं. पन त्या मानसाला काय काय बोललास ते गावानं मला सांगितलंय. ते मला कशाला सांगतोस? ज्याला बोललास त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान नोकरावर टाकून मिशनच्या मागच्या मांगवाड्यात गेलो. जन्मात त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तो अंगणात चऱ्हाट वळत होता. दोराचं एक टोक खुंटीला बांधलेलं, दुसरं हातात. मला पाहून उठला नाही. उठला असता तर पीळ सुटला असता. "बसा आप्पा," म्हणाला. त्याच्या बायकोने बाज आणून टाकली आणि ती आत गेली. पाण्याचं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि बहुतेक तिला ते ठाऊक होतं.

मी बाजेच्या कडेला बसलो. रस्ताभर घोकलेलं सगळं विसरलो. शेवटी म्हणालो, "चुकलं माझं. जातीवरून बोललो. तसं बोलायला नव्हतं पायजे."

"त्याचं काय एवढं," तो दोराला पीळ देत म्हणाला. "ते आमी जल्मापासून ऐकतो. तुमी न्हाई बोललात तर दुसरं कोनी बोलंल. त्याला कान तयार हायेत."

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, हायसं वाटलं. एवढ्यावर मिटलं, आता उठावं, असं मनात आलंही.

"पर दुसरं बोललात ते बरं न्हाई केलं," तो म्हणाला.

"दुसरं काय?"

"तुमी म्हनलात, ह्याला झेल येत न्हाई. चेंडूला भितो म्हनलात." त्याने हातातला दोर थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गड्यांनी म्हनलं असतं तर चाललं असतं. पाद्रीसायबानं म्हनलं असतं तरी चाललं असतं, त्यास्नी काय कळतंय. पर तुमाला माझा झेल ठावं हाय, आप्पा. साऱ्या गावात एका मानसाला ठावं हाय, ते तुमी. मी न्हाई गेलो झेलाला, तर तुमाला कळाया पायजे व्हतं, कायतरी असंल म्हनून."

खेळाची पारख असलेला गावात मी एकटाच, हे मी इतके दिवस मनात मिरवत होतो. त्यालाही तसंच वाटत होतं, हे मला आत्ता कळत होतं. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. त्याने पुन्हा दोराला पीळ द्यायला सुरुवात केली. उठताना मी विचारलं, "शुक्रवारी आलो तर चालंल का?"

"मैदान काय माझं हाय का? या की," तो म्हणाला. "पर माझ्या बाजूला बसू नका."

जंगमांचं मी ऐकलं नाही. त्या शुक्रवारी गेलो आणि मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे कुणी बसत नसे तिथे जाऊन बसलो. खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने चेंडू उजव्या अंगाला वर चढला, आणि मी मान खाली घातली. त्याने झेल घेतला हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं.